दोऱ्याखालची चीर

टिक्.

एवढाच आवाज. पाल चुकचुकते ना, तीसुद्धा याहून मोठ्यानं. पण माझ्या हातातला दोर सुटता सुटता राहिला आणि तोंडचं पाणी पळालं.

वैशाखातली भर दुपार. परतवाड्याच्या आमच्या दुकानावर टिनाचं छप्पर, आणि खाली मी एकटी. भिंतीतल्या जाड खुंटीवर धनुष्य मुठीच्या जागी टेकवलेलं होतं. त्याच्या दोरीला अडकवलेला दोर खालच्या कप्पीतून माझ्या हातात आला होता. दोर ओढला की धनुष्य भिंतीवरच वाकतं, आणि चार पावलं लांब उभं राहून त्याचा बाक बघता येतो. धनुष्याचा वरचा हात जास्त वाकतो की खालचा, कुठं अजून काचेनं खरवडायचं, सगळं तिथूनच दिसतं. त्या दिवशी बाक असा सुरेख उतरला होता की माझी मलाच दृष्ट लागावी. बहुतेक लागलीच.

दोर हळूहळू सैल सोडला, धनुष्य उतरवलं आणि दारातल्या उजेडात नेलं. पाठीवर, मुठीच्या चार बोटं वर, चीर. केसाएवढी. डोळ्याला दिसेना, नख फिरवलं तेव्हा लागली. लाकडाच्या रेषेबरोबर सरळ गेली असती तर एकवेळ निभावलं असतं. ही तिरपी होती. तिरपी चीर म्हणजे धनुष्य गेलं. कधी जाईल सांगता येत नाही, दुसऱ्या ताणाला जाईल नाहीतर दोनशेव्या, पण जाईल तेव्हा ओढणाऱ्याच्या तोंडावर जाईल. धनुष्य ओढताना दोरी गालाला लागलेली असते, डोळा तिथंच असतो. वरचा तुकडा उडाला की उलटा मागे येतो.

"आता काय करू वं माय," मी मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं.

चूक माझीच होती, दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही. आम्ही धनुष्यं धामणीच्या लाकडाची करतो. कुऱ्हाडीचा दांडा, कावड, जिथं वाकून परत सरळ व्हायचं काम असतं तिथं हे लाकूड लागतं. फाडून, टोकांना शेणाचा लेप देऊन, तीन पावसाळे ते सावलीत पडून असतं. लोकांना वाटतं, लाकूड जितकं वाळेल तितकं चांगलं. आमच्याकडच्या उन्हात तसं नाही. पंचेचाळीस डिग्रीत टिनाखाली राहिलं की लाकडातला शेवटचा ओलावाही निघून जातो, आणि मग ते वाकत नाही, मोडतं. म्हणून वैशाखात तयार धनुष्यांशेजारी ओलं पोतं टांगायचं, दिवसातून तीनदा भिजवायचं, आणि दिवस कलल्याशिवाय ताण द्यायचा नाही. "वायलं लाकूळ धनुष्य होते, ठाक कोरळं लाकूळ सरपन होते," हे मामाजींचं वाक्य मी हजारदा ऐकलं होतं.

आणि मी दोन दिवस पोतं भिजवलं नव्हतं. नणंदेकडे लग्न होतं, तिकडे गेले होते. आल्या आल्या घाईघाईत धनुष्य खुंटीवर चढवलं. पोतं पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं, ते चीर पाहिल्यावर दिसलं. आधी का नाही दिसलं? घाई, दुसरं काय.

मामाजी म्हणजे माझे सासरे, उकंडराव. आख्ख्या जिल्ह्यात लाकडी धनुष्यं करणारा तेवढा एकच माणूस. त्यांच्या उजव्या गालावर ओठापासून कानापर्यंत एक पांढरा व्रण होता. तरुणपणी स्वतःच केलेलं धनुष्य तोंडावर फुटलं होतं. माझा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्याला रंधा धरायचा कंटाळा. मी चहा द्यायला दुकानात जायची ती तिथंच रेंगाळायची. एक दिवस मामाजींनी विचारलंच, "नुसती पाह्यते काय? धर ते कानस." चार वर्षं कानस धरली, मग पटाशी, मग काच.

हे त्यांच्या पुतण्याला, देवानंदला, खपलं नाही. त्याचा दुकानावर डोळा होता. चौकात दहा माणसांसमोर तो म्हणाला, "काका, बाईच्या हातचं धनुष्य कोन घेईन? तिले रांगोळी काढू द्या न."

मामाजी तापट. चौकातच म्हणाले, "लाकळाले कायचं ठाऊक, हात बाईचा हाय का बुवाचा? पुढचं धनुष्य गोकर्णा करन. पयल्यापासून अखेरपर्यंत. मी बोट लावनार नाई. बिघळलं, तर दुकान तुह्या हवाली."

हे ते धनुष्य. आणि ते ज्या पोरीसाठी होतं ती सुमरती कासदेकर, मेळघाटातल्या आश्रमशाळेची, चौदा वर्षांची. परवा अमरावतीला तिची निवड स्पर्धा होती. नवं धनुष्य करायला पंधरा दिवस लागतात. जुनं एक तिच्याकडे होतं, आखूड झालेलं, पण चालत होतं. हे मला माहीत होतं. म्हणजे माझ्यापुढे रस्ता होता. "धनुष्य गेलं, जुन्यावर खेळ" एवढं सांगायचं होतं.

मी लाल दोरा काढला. मुठीच्या वर चार बोटं आणि खाली चार बोटं, दोन्हीकडे सारखा घट्ट गुंडाळला, म्हणजे शोभेचा वाटावा. वरून सरसाचा हात दिला. दोरा दोनदा सुटला.

संध्याकाळी मामाजी आले. धनुष्य उचललं, डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघितलं.

"दोरा काहून गुंळाळला?"

"शोभेले. पोरगी हाय न, लाल रंग आवडन तिले."

त्यांनी दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "ताण देले?"

"देले."

"किती?"

"तीस." एकही पुरता दिला नव्हता.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, कळलं यांना, आता बोलतील. तर म्हातारा हसला. असं हसताना मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "गोकर्णे, असा बाक मले पन सात वर्षानं जमला होता." आणि धनुष्य घेऊन थेट चौकात गेले, देवानंदला दाखवायला.

त्या क्षणी सांगायचं होतं. नाही सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या मुठीत एका पोरीचा डोळा होता हे माहीत असून मी ती झाकून धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रमशाळेचा माणूस येऊन धनुष्य घेऊन गेला. दोन दिवस मी मनाची समजूत घालत होते, दोरा घट्ट आहे, सरस पक्का आहे, एवढे बाण निघतील, नंतर काहीतरी कारण काढून धनुष्य परत मागू. भीती अशी असते की माणूस तिच्याशीच सौदा करत बसतो.

अमरावतीच्या मैदानावर सकाळी सातलाच ऊन चढलं होतं. मी आणि मामाजी एसटीनं गेलो. सुमरती धावतच आली. काळीसावळी, उंच, दोन वेण्या, पायात शाळेचे बूट. तिच्याबरोबर तिचे ढोक सर.

"काकू! हे तुमी केलं न? आमच्या वस्तीवर सगळ्याईनं पाह्यलं. मायनं कुकू लावलं त्याले."

"हो का," मी म्हणाले.

मामाजी ढोक सरांशी बोलत पुढे गेले. सुमरती तिथंच उभी राहिली, धनुष्य छातीशी धरून. मग आवाज बारीक करून म्हणाली, "काकू, एक इचारू?"

"इचार न."

"काल सराव केला न, तं ओढलं का आतून आवाज येते. बारीक. टिक् करून. काई होनार तं नाई न?"

मैदानावर माणसं होती, शिट्ट्या वाजत होत्या, कोणीतरी माईक तपासत होतं. मला त्यातलं काही ऐकू येईना. तिनं सरळ विचारलं होतं. डोळ्यात डोळे घालून. उत्तर एका शब्दाचं होतं.

तिच्या खांद्यावरून मला मामाजी दिसत होते. ढोक सरांच्या पाठीवर थाप मारून माझ्याकडे बोट दाखवत होते. आणि मंडपाच्या खांबाला टेकून देवानंद उभा होता. तोही आला होता, बघायला.

"नवं लाकूळ बोलतेच," मी म्हणाले. "तू ओढत जाय बिनधास्त."

"बरं," पोरगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली ती मी बघितली. लगेच गेली. उड्या मारत ती रेषेकडे पळाली.

छत्तीस बाण. सहा-सहाच्या सहा फेऱ्या. मी मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीमागे बायकांच्या घोळक्यात उभी होते.

पहिला बाण. तिनं दोरी ओढली, ओढत ओढत हनुवटीपर्यंत आणली, गालाला टेकवली. धनुष्याचा वरचा हात वाकून तिच्या कपाळाच्या रेषेत आला. मी डोळे मिटले. बाण सुटल्याचा आवाज आला तेव्हा उघडले. पोरगी उभी होती. दुसरा बाण. पुन्हा डोळे मिटले. चौथ्या-पाचव्यापासून मिटणंही होईना. वाटे, मी बघत नसेन तेव्हाच होईल. मग टक लावून त्या लाल दोऱ्याकडे बघत राहिले. वीस पावलांवरून काय दिसणार? तरी वाटायचं, दोरा फुगला, दोरा सरकला.

माझ्याशेजारी एक बाई होती, कोणाची तरी आई. म्हणाली, "तुमची पोरगी काय वो? भल्या घाबरल्या तुमी."

"नाई. माही नोय ती," मी म्हणाले, आणि मला स्वतःची शिसारी आली.

तिसऱ्या फेरीनंतर पाणी प्यायला सुट्टी झाली. सुमरती दुसऱ्या नंबरवर होती. मी मनाचा हिय्या केला आणि ढोक सरांकडे गेले.

"सर, थे धनुष्य..."

"अहो, धनुष्य कसलं, सोनं आहे!" ढोक सर नागपूरकडचे, बोलायला शहरी. "या पोरीचे बाण आधी इतके एका जागी कधीच जात नव्हते. उकंडरावांना मी म्हणालो, पुढची चार धनुष्यं सूनबाईंनीच करायची."

"नाई, मी म्हनत होती, तिचं जुनं धनुष्य आनलं असन न संग? तं..."

"जुनं? आता? निम्म्यात?" ते हसले. "घाबरू नका. पहिल्या धनुष्याच्या वेळी असं होतंच."

मागून मामाजी आले. "काय म्हंते आमची सूनबाई?"

"काळजी करतायत."

"करू द्या. ज्याले भेव वाटत नाई त्यानं धनुष्य करू नाई." आणि माझ्याकडे बघून, "पानी पी. तोंड पाह्य कसं झालं."

मी पाणी प्यायले. शिट्टी झाली. मी परत दोरीमागे गेले.

उरलेले अठरा बाण कसे गेले ते मला आजही बाणाबाणानं सांगता येईल, पण सांगत नाही. एवढंच सांगते, तेविसाव्या बाणाला सुमरतीनं ओढलं, थांबली, मान किंचित मागे घेतली आणि न सोडताच दोरी सैल केली. तिनं आवाज ऐकला असणार. तिनं वळून घोळक्यात मला शोधलं. मी दिसले. आणि मी मान हलवली, "ओढ, ओढ" अशी. खरंच हलवली. पोरीनं परत ओढलं आणि बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्यात घातला.

छत्तिसावा बाण सुटला तेव्हा माझ्या अंगातून ताप उतरावा तसं झालं. सुमरतीचं नाव पहिल्या चारात वाचलं, राज्याच्या स्पर्धेला निवड. पोरींनी तिला उचललं. देवानंद खांबापाशी नव्हता, निघून गेला होता. मी मनात म्हणाले, देवा, सोडवलंस रे बाबा. आता धनुष्य मागून घेते, घरी नेऊन चुलीत घालते, आणि आयुष्यात पुन्हा पोतं सुकू देत नाही.

मी पुढे झालेसुद्धा. "सुमरते, धनुष्य दे इकळे, जरा पाह्यते."

"थांब थांब," मामाजी म्हणाले. "अशी काय घाई करते? रीत राह्यली."

आमच्या कामात एक रीत आहे. नव्या धनुष्यानं पहिलं मैदान मारलं की खेळणाऱ्यानं ते करणाऱ्याच्या हातात द्यायचं. करणाऱ्यानं सगळ्यांसमोर ते एकदा पुरतं ओढायचं, गालाला दोरी लावून दहा आकडे होईपर्यंत धरायचं, आणि सावकाश सोडायचं. त्याला मानाचा ताण म्हणतात. आजवर तो मामाजीच घेत आले होते, कारण धनुष्यं त्यांचीच असायची. मला वाटलं होतं, ते घेतील. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नव्हतं, रीतच मी विसरले होते.

"आज हा मान माहा नाई," मामाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे हिच्या हातचं हाय. घे गोकर्णे."

सुमरतीनं दोन्ही हातांवर धनुष्य माझ्यापुढे धरलं. खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. पोरी गोळा झाल्या, ढोक सर, पंच, ती कोणाची तरी आई, सगळे गोल करून उभे राहिले.

मी धनुष्य घेतलं. मुठीला तिच्या हाताचा घाम होता. डावा हात लांब केला, उजव्यानं दोरी धरली. ओढायला लागले. दोरी छातीपर्यंत आली, आणि आतून आवाज आला. टिक्.

हात थांबला.

"ओढ न," मामाजी म्हणाले.

ओढायचंच होतं मला. एकदाच तर. छत्तीस वेळा टिकलं ते सदतिसाव्या वेळी टिकलं असतं. मी दात खाल्ले, जोर केला. हात येईना. माझा डोळा, माझा गाल, माझे दात. वरचा तुकडा कसा उडतो, कुठं लागतो, हे सगळं मला दिसत होतं. समोर मामाजींचा गाल होता, तो व्रण. मी दोरी सैल सोडली.

"मले नाई होत," मी म्हणाले. "मले भेव वाटते."

कोणीतरी हसलं, पहिल्यांदा मान मिळाला म्हणून लाजतेय असं वाटून. मामाजी नाही हसले. त्यांनी माझ्या हातातून धनुष्य घेतलं. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दोऱ्याकडे. खिशातून चाकू काढला आणि लाल दोरा एका बाजूनं कापला. तो सगळा निघाला नाही, सरसाबरोबर लाकडाचा एक बारीक काप घेऊन निघाला. खाली आता केसाएवढी चीर नव्हती. नखभर रुंद झाली होती आणि अर्ध्या जाडीपर्यंत गेली होती.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"परवाच्या दिवशी. दुपारी."

"म्हंजे दोरा बांधाच्या आंधी."

"हो."

ते काही बोलले नाहीत. तिथं चारचौघात नाही, घरी आल्यावर नाही, मरेपर्यंत नाही. दुकान त्यांनी देवानंदला देऊ केलं होतं. त्यानं ते घेतलं नाही. "असं घेनं बरं नाई दिसत," म्हणाला. दुकान आज तेवीस वर्षं मीच चालवते, आणि वैशाखात पोतं दिवसातून पाचदा भिजवते. पण ते नंतरचं.

तेव्हा त्या गोलात ढोक सरांनी धनुष्य हातात घेऊन ती चीर बघितली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. सुमरतीही वाकून बघत होती. बघताना तिचा हात गालावर गेला, जिथं दोरी टेकून टेकून लाल रेघ उमटली होती तिथं. मग डोळ्यावर गेला. मग खाली आला.

मला वाटलं, रडेल. नाहीतर शिव्या देईल, मेळघाटातली पोरं देतात कचाकचा. मी तयार होते. मला ते हवंच होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करत असल्यासारखी. मग अगदी हळू, जणू चूक तिचीच झाली असेल अशा आवाजात म्हणाली,

"काकू, मी तं तुमाले इचारलं होतं."